आतून बदललेला डायनॅमो

गल्लीतले सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण गाडीच्या विजेबद्दल काही विचारलं, की समोरच्याला उभं करून पूर्ण धडा देत. त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधलं दार उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. त्या ओट्याशी बसून त्यांच्या बायकोनं उभं आयुष्य डायनॅमोच्या कॉइली गुंडाळल्या. मास्तरांची बोटं जाड, तिची बारीक.

गेल्या महिन्यात मास्तरांनी एका टॅक्सीला बॅटरी उलटी जोडली आणि सगळं वायरिंग जळलं. तेव्हापासून मुलगा दुकान बंद करा म्हणून मागे लागला होता.

"दातांच्या डॉक्टरांची ती जुनी मोटार आली आहे ना, तिचं काम माझ्यासमोर करा," तो शेवटी म्हणाला. "जमलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर शटर ओढायचं."

सुट्टीच्या सकाळी तो स्टूल ओढून बसला. परीक्षकासारखा, पायावर पाय टाकून.

मोटारीचा रेग्युलेटर मेला होता. गाडीसाठी वीज बनवणाऱ्या डायनॅमोला लगाम घालणारी ती डबी. काम तसं किरकोळ. पण डायनॅमोच्या दोन जाती. एकीत फील्डच्या, म्हणजे आतल्या चुंबकाच्या कॉइलच्या, तारेचं टोक आतल्या आत बॉडीला जोडलेलं, दुसरीत नाही. रेग्युलेटर त्या त्या जातीचाच लागतो, आणि बाहेरून दोन्ही डायनॅमो सख्खे जुळे. म्हणून मास्तरांची जन्माची शिस्त होती: आधी बल्ब लावून टोक कुठे जातंय ते बघायचं, मगच रेग्युलेटर निवडायचा. डायनॅमोवरच्या पाटीचं ऐकायचं नाही.

आज त्यांनी पाटी वाचली, मान डोलावली आणि फळीवरून रेग्युलेटर काढला.

बायको दारात डाळ निवडत होती. तिचा हात थांबला. हाच डायनॅमो पूर्वी एकदा जळून आला होता. तेव्हा त्याच्या जातीचा रेग्युलेटर कुठेच मिळेना, म्हणून मास्तरांनी डायनॅमोच आतून बदलला होता. कॉइल तिनं गुंडाळली, जोडाला कथलाचा डाग त्यांनी दिला. बाहेर रंगाची खूण करू का, असं तिनं विचारलंही होतं.

"खूण कशाला? मी आहे ना," ते म्हणाले होते.

"अहो, बल्ब लावून बघितलं का?" तिनं डाळीकडे बघतच विचारलं.

"मी कधी तुझ्या आमटीत मीठ किती ते सांगायला येतो का?"

"येता की. रोज येता."

मुलगा हसला. मास्तर हसले नाहीत. आता सरळ सांगितलं, तर मुलाला जे सिद्ध करायचं होतं ते आपल्याच तोंडून सिद्ध होणार, हे तिला कळत होतं. तिनं पुन्हा डाळीत बोटं घातली.

इंजिन सुरू झालं. चार्जिंगचा लाल दिवा विझेना. मास्तरांनी वायरी हलवल्या, रेस वाढवली. दिवा तसाच. कपाळावरचा घाम बाहीला पुसत डायनॅमो जागा व्हावा म्हणून त्यांनी बॅटरीची तार थेट फील्डला टेकवली. ठिणगी उडाली आणि नव्या रेग्युलेटरमधून धूर निघाला.

 मुलानं पायावरचा पाय खाली घेतला.

मास्तरांनी डायनॅमो उतरवला, उघडला आणि आतला तो डाग बघून भडकले. "कुठल्या गाढवानं केलंय हे? जातच बदलून ठेवली, आणि बाहेर साधी खूण नाही. असल्या माणसाचे हात बांधून ठेवले पाहिजेत."

ते नाटक करत नव्हते. आपलाच डाग ते अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते.

मुलानं आईकडे पाहिलं. "आई, कुणाचं काम आहे हे?"

"माझं," ती म्हणाली. "कॉइल माझ्या हातची आहे, बघ की. यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं."

मास्तरांचा चेहरा सैल झाला. तिनंच फळीवरून दुसऱ्या जातीचा रेग्युलेटर काढून त्यांच्या हातात दिला. दुपारी लाल दिवा विझला आणि काटा चार्जच्या बाजूला सरकला. मास्तरांनी मुलाला पूर्ण धडा दिला, पहिल्यापासून.

निघताना मुलगा चपला घालत म्हणाला, "ठीक आहे बाबा. दुकान राहू दे."

"हिचंच हल्ली लक्ष नसतं," मास्तर हळू आवाजात म्हणाले, पण तिला ऐकू गेलं. "विसरायला लागली आहे. सांभाळून घ्यावं लागतं."

"माझ्याही लक्षात आलं. आई, उद्यापासून तू दुकानात यायचं नाहीस. मधलं दार लावून घेत जा. विजेचं काम आहे, बाबांना एकट्यानं करू दे."

 आता काही बोललं तर तिला सगळंच बोलावं लागलं असतं.

मुलगा गेल्यावर तिनं खणातून बल्ब काढला, त्याच्या वायरीला गाठ मारली आणि मास्तरांच्या डोळ्यांसमोर येईल अशा खिळ्याला टांगला. मग आत येऊन दार लावलं.

पलीकडून आवाज आला, "हे मध्येच कुणी लटकवलंय?" पाठोपाठ खण उघडल्याचा आणि बंद झाल्याचा.