भाऊजी काहीच बंद करत नाहीत

आमच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एक गोष्ट धड बंद केली असेल तर शपथ! नेरच्या बाजारात भेटले, की ‘चला, येतो’ म्हणतात आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात. फोन ठेवणं म्हणजे त्यांना कोणाच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. समोरचा कंटाळेपर्यंत यांचं ‘अन् बाकी?’ चालू. शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा घंटा होऊनही तास संपत नसे. पुढच्या तासाचे गुरुजी बिचारे दारात उभे.

एवढा बोलका माणूस, आणि ताईचं ऐकू येणं मात्र हळूहळू गेलं. एकदा ती मागच्या अंगणात वाळवण घालत होती आणि भाऊजी भर उन्हात कडी वाजवून वाजवून, भाजीची पिशवी घेऊन पायरीवर बसून राहिले. कळलं तेव्हा ताई फार रडली. तेव्हापासून हे बाहेर गेले, की ती दाराजवळची खुर्ची सोडेना. अंगण सुटलं, शेजारपाजार सुटला. “माह्यापाई कैद झाली बाप्पा ते,” भाऊजी मला म्हणाले.

मग त्यांनी काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे सांगू ते काम करणारा इवलासा कॉम्प्युटरच, मागवला. दारावरचं बटण दाबलं, की अंगणात दिवा लागावा, असा बेत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचनांचे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रामही केला. पण ठोकळ्यांचं सॉफ्टवेअर एकच पालुपद लावून बसलं: बोर्ड सापडत नाही! केबल बदलून झाली, बोर्डाला पंख्याखाली ठेवून झालं. शेवटी मला बोलावलं. पाहतो तर काय, बोर्ड काय सांगतो ते वाचायला उघडलेली दुसरी एक खिडकी पडद्यावर खाली तशीच चालू!

“ही बंद करा आधी.”

“अर्ध्यात काहून तोडून राह्यला? त्याचं बोलनं चालू हाय ना!”

“भाऊजी, बोर्ड एका वेळी एकाशीच बोलतो. हिनं सोडलं तर ठोकळ्यांचा नंबर लागेल.”

भाऊजींनी ‘माफ कर गड्या’ म्हणून ती खिडकी बंद केली, ठोकळ्यांना बोर्ड जोडून दिला, प्रोग्राम त्यात उतरवला आणि दारावरचं बटण दाबलं. ताई पदराला हात पुसत अंगणातून धावत आली.

आता तिची वाळवणं पुन्हा सुरू झाली आहेत. परवा गेलो, तर भाऊजी घरातच त्या खुर्चीत बसून, चौकटीबाहेर हात काढून बटण दाबत होते. ताई आली. “काय झालं हो?”

“काही नाही. बोलनं चालू हाय का, पाहून राह्यलो,” तिला ओठ नीट दिसतील असं ते सावकाश म्हणाले. ताई हसली आणि तिथेच उंबऱ्यावर टेकली.

मी ‘चला, येतो’ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच भाऊजींनी मला थांबवलं नाही.