सरांना पटलं पाहिजे

आमच्या सरांचा माणसावर विश्वास नव्हता. नट म्हणून त्यांनी उभा मराठवाडा गाजवला, पुढं नाटकं बसवली, आणि आवाज बसल्यावर शहागंजात एका शाळेच्या हॉलमध्ये अभिनयाचा वर्ग काढला. वर्गाचा नियम एकच: कुठंही, कधीही गाठून सरांना एक धादांत खोटी गोष्ट खरी म्हणून पटवायची. ज्याची पटेल त्याला नव्या नाटकातला मुख्य पार्ट.

त्यामुळं वर्गात कुणाचंच काही खरं वाटेनासं झालं. कुणाची आजी वारली तरी आम्ही आधी गालात हसायचो. एकीनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका आणली, तर सरांनी ती उजेडात धरून तपासली. लग्न खरंच होतं. सर काही गेले नाहीत. मला तो पार्ट हवाच होता. रोज आरशासमोर नवी थाप घोटून बघायचो.

एका दुपारी बाबा आमच्या कापडाच्या दुकानात भोवळ येऊन कोसळले. त्या दिवशी रिक्षांचा संप. शेजारच्या अत्तरवाल्या चाचांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्यावर ओरडले, "देखरा क्या रे, गाडी ला जल्दी!" जवळपास ओळखीत स्कूटर एकट्या सरांची. मी पळत हॉलवर गेलो.

"सर, स्कूटरची किल्ली द्या. बाबा दुकानात पडलेत."

सर खुर्चीत मागं रेलले. "धाप बरी जमली. वाक्य मात्र पाठ केल्यासारखं आलं. पुन्हा ये. दारापासून."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ कुठं होता? मी बाहेर गेलो, श्वास आवरला आणि परत आत आलो. या खेपेला आवाज खाली ठेवला, दाराची चौकट धरली, 'बाबा' म्हणताना मुद्दाम अडखळलो. सरांनी किल्ली फेकली.

बाबांना स्कूटरवर मधे बसवलं, चाचांनी मागून घट्ट धरलं, आणि आम्ही दवाखाना गाठला. बाबा वाचले.

ते घरी आल्यावर सर उस्मानपुऱ्यात आमच्याकडं आले. त्यांनी बाबांची नाडी बघितली, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचली आणि जाताना मला म्हणाले, "मुख्य पार्ट तुझा." किल्ली त्यांनी मदत म्हणून दिली होती की बक्षीस म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या माणसाचा मला भयंकर राग आला होता, आणि तरी आनंद काही लपवता येईना.

सर गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, दुसऱ्या खेपेसकट. वाटलं, ते सरांना चार शिव्या हासडतील. त्यांनी उलट मलाच विचारलं,

"तू दुसऱ्यांदा आत गेलता, ते माझ्यासाठी का पार्टासाठी?"

"तुमच्यासाठी, बाबा."

मी खरं बोलत होतो. बाबा "बरं" म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.