एकच सवारी

भाड्याची गाडी करणं ही गोष्ट आमच्या घरात तोवर कोणी केलेली नव्हती. बाबा बल्लारपूरला कारखान्यात कामाला होते. ते सायकलनं ड्युटीवर जायचे, आई पायी बाजाराला जायची, आणि लांब जायचं झालं तर आगगाडी नाहीतर एसटी होतीच. मोटारीत बसायचे ते साहेब, डॉक्टर आणि नवरदेव. म्हणून ताईच्या लग्नाच्या आधी एका संध्याकाळी बाबांनी "जीप करून आणतो" असं जाहीर केलं, तेव्हा आईनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

जीप हवी होती आत्याला आणायला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले आणि या बहिणीनं बाबांना कडेवर घेऊन वाढवलं, शाळेत घातलं. स्वतः मात्र कधी पाटी हातात धरली नाही. बाबा तिला बाई म्हणायचे. कारखान्यात फोरमनशी भांडणारा हा माणूस बाईचं नाव निघालं की एकदम मऊ व्हायचा. राजुऱ्याच्या पलीकडे, पहाडावरच्या एका लहान गावात ती राहायची. पोटी मूलबाळ नाही, ज्वारी-तुरीची कोरडवाहू शेती, आणि यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. तापानं बेशुद्ध झालेल्या त्यांना बाबांनीच चांद्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथंच ते गेले, एवढं मला ऐकून माहीत होतं.

त्यानंतर आत्या फारशी खाली उतरली नाही. पुढे गुडघे धरले. मागच्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नाला म्हणून ती बैलगाडीनं फाट्यापर्यंत आली होती, पण एसटीच्या पायरीवर काही केल्या तिचा पाय चढेना. कंडक्टरनं हात दिला, मागून कोणी उचलायला पाहिलं, शेवटी बिचाऱ्यानं घंटी मारली. आत्या त्याच बैलगाडीत बसून परत गेली. हे कानावर आल्यापासून बाबांनी धोशा लावला होता, "बाई आल्याशिवाय लग्नाची वंदना सुरू होणार नाई. पाहुणे थांबतीन, सारे थांबतीन." ताई बिचारी घाबरून गेली होती. आत्या आली नाही तर हे खरंच लग्न थांबवतील, याची आम्हाला सगळ्यांना खात्री होती.

गाडी करायची म्हटल्यावर आजूबाजूचे सगळे शहाणे झाले. पेट्रोल कोणाचं ते आधी ठरवा. एक फेरी रिकामी गेली तरी भाडं दोन्हीकडचं लागतं, मागून हुज्जत घालू नका. स्टेपनी डोळ्यांनी पाहा, नुसतं विचारू नका. अँबेसिडर घाट चढणार नाही, जीपच करा. ड्रायव्हरचं जेवण तुमच्याकडे. टायर अंगठ्यानं दाबून पाहा, असं ज्यानं सांगितलं तो स्वतः जन्मात भाड्याच्या गाडीत बसलेला नव्हता, पण बाबांनी टायरही दाबून पाहिले. ड्रायव्हर गळ्यात टॉवेल टाकून हे सगळं शांतपणे बघत उभा होता. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"सवारी किती, भाऊ?"

"एकच," बाबा म्हणाले. "मोठी बहीण हाय माही."

त्या "एकच"मध्ये बाबांचा काय थाट होता! एका माणसासाठी अख्खी जीप, कलेक्टरसारखी. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते म्हटलं.

गादीची कल्पना आईची. घाटात धक्के बसतील, बाईंचे गुडघे दुखतील, म्हणून तिनं ताईला लग्नात द्यायला पिंजाऱ्याकडून नवी भरून घेतलेली गादी बाहेर काढली. पुढचामागचा विचार न करता आमच्या घरात प्रेम हे असंच बाहेर यायचं. जीपच्या मागच्या दोन बाकड्यांच्या मध्ये आणि वर ती ऐसपैस पसरली, धुवट चादर टाकली, उशाशी उशी, पायाशी पाण्याची सुरई. आत्याला झोपून येता यावं अशी सोय. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मला घेतलं. तेव्हा मी चांद्याला कॉलेजात होते, आणि त्या गादीवर मांडी घालून राजुऱ्याच्या बाजारातून जाताना मला फारच मोठं झाल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

घाटात जीप तापली. ड्रायव्हरनं सुरईतलं अर्धं पाणी तिला पाजलं आणि उरलेलं आपण प्यायला. दिवस तेंदूपत्त्याचे होते. डोक्यावर पत्त्याचे भारे घेतलेली माणसं रस्त्याच्या कडेला सरकून उभी राहत आणि आमच्याकडे बघत. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

गावात शिरलो तर एकही पोर जीपमागे धावलं नाही. गाडी पाहिल्यावर पोरं ओरडत नाहीत, असं गाव मी पहिल्यांदाच पाहत होते. पत्त्याचे पुडे बांधत बसलेल्या बायांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि त्या मुकाट उठून मागून यायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. आत्याच्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा तिची शेजारीण पुढे आली. ही गोंड बाई, आत्याच्या भिंतीला भिंत लावून आयुष्य काढलेली. गाडीत डोकावून तिनं ती पांढरी चादर पाहिली आणि बाबांना अगदी हळू विचारलं,

"काय झालं जी बाईले? सकाळी तं माह्यासंग बसून पुडे बांधून राह्यली होती. चांगली होती."

"काही नाई झालं. लग्नाले नेऊन राह्यलो," बाबा म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. त्या गावात जीप यायची ती बिमार माणसासाठीच. त्याला मागं गादीवर निजवायचं, सारं गाव निरोपाला जमायचं, आणि जीप घाट उतरून जायची. अशी एकट्यानं गेलेली माणसं बहुतेक परत आली नव्हती. जीपमध्ये एकट्यानं निजून जाणं म्हणजे काय, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. ते ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हाला, पेट्रोलपासून स्टेपनीपर्यंत सगळं विचारून आलेल्यांना.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. पांढरं लुगडं नेसून, केस चोपून, काखेत गाठोडं घेऊन ती केव्हाची तयार बसली असावी. भावाला पाहून तिचा चेहरा असा फुलला की मला बरं वाटलं. भिंतीला धरून ती जीपच्या मागं आली, तिनं आत पाहिलं, आणि आहे तिथंच खाली बसली.

"मी नाई येत."

"बाई, असं काऊन करते? तुह्यासाठी केली ना गाडी!"

"असंच हातरलं होतं तवा," गादीकडे बोट करून आत्या म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. एरवी कोणाला एक बोलू न देणारा माणूस, पण त्या चार शब्दांपुढे नमला. मला काही उमगलं नाही, उमगलं नाही म्हणून मी चिडले. इतका आटापिटा करून आलो, तिकडे आई स्वयंपाकाच्या सामानात, ताई रडवेली, आणि या बाईला गादी खुपते! मी आत्याला बरंच काही ऐकवणार होते, पण बाबांनी माझा हात दाबला. ड्रायव्हर बॉनेटवर बसून आभाळाकडे बघत होता. आता नाही आली तर ती पुन्हा कधीच येणार नाही, हे बाबांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मार्ग काढला तो शेजारणीनं. तिनं कोणाला काही विचारलं नाही. जीपमध्ये अर्धी वाकून तिनं गादीचं टोक धरलं, ओढली, आणि चादर-उशीसकट ती ताईची नवी कोरी गादी धुळीतून फरफटत आत्याच्या घरात नेऊन टाकली. मग परत येऊन, लुगडं सावरून ती स्वतः बाकड्यावर चढून बसली.

"चाल बाई, मी येतो तुह्यासंग. एकटी काऊन जाशीन?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. मग जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. रडू आणि हसू एकदमच आलं तिला.

"माह्या भाचीचं लगन हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "ज्याले याचं हाय त्यानं या!"

मग काय विचारता. बाया लुगडी बदलायला पळाल्या. पागोटंवाला म्हातारा पागोटं पुन्हा बांधून पुढं ड्रायव्हरशेजारी बसलासुद्धा. कोणी तान्हं घेऊन आली, कोणी आहेर म्हणून चारोळीची पुडी, कोणी जिवंत कोंबडी. आता गाव बोलत होतं, पोरं ओरडत होती. चौघींनी मिळून आत्याला उचललं आणि मधोमध बसवलं. बाबा लगबगीनं एकेकीला हात देऊन चढवत होते. आत्या बसली, या आनंदात त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

"भाऊ, तुम्ही एकच सवारी म्हनलं होतं," ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "स्प्रिंगचे पाटे तुटतीन माह्या गाडीचे. घाट उतराचा हाय. आता एक मानूस नाई घेत मी. एकबी नाई."

खाली उरलो होतो बाबा आणि मी.

बाबा हसले. "जा तू घेऊन. आम्ही फाट्यावरून एसटीनं येतो." बायांच्या गलक्यात आत्याला ते ऐकू गेलं नसावं. तिची पाठ आमच्याकडे होती. जीप निघाली, आणि आम्ही तिच्या मागून धूळ खात गावाबाहेरच्या बोरीच्या झाडापाशी येऊन उभे राहिलो. आपणच भाड्यानं केलेली गाडी आपल्याला टाकून चालली आहे, हे पाहून मला हसू यायला लागलं. मी बाबांकडे वळले, तर बाबा हसत नव्हते.

"बाई इथीच उभी होती," ते म्हणाले. "या बोरीखाली."

मग त्यांनी सांगितलं. भाऊजींना न्यायला एका ठेकेदाराची जीप मिळाली होती. ते गादीवर लांब निजवलेले, उशाशी बाबा, कारण दवाखान्यात लिहिता-वाचता येणारं कोणीतरी हवं. बाई गाठोडं बांधून आली आणि चढायला लागली. "म्याच म्हनलं, बाई, जागा नाई. तू राह्य, मी हाओ ना. तिनं पाय खाली घेतला. एक शबद नाई बोलली. गाडी वळेपर्यंत मले ती इथी दिसत होती." बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तिले भाऊजी मंग दिसलेच नाई. आनाले पैसे कुठी होते तवा? तिथीच सारं केलं मी. इतके वर्सं झाले, मले एकदाबी बोलली नाई ती."

मी नुसती त्यांच्याजवळ सरकून उभी राहिले. ते अजून त्या वळणाकडेच बघत होते.

वळणावर जीप थांबली होती.

आधी वाटलं, पाटा तुटला. मग मागच्या ताडपत्रीतून एक हात बाहेर आला आणि आत्याचा आवाज आला, पहाडावर राहणाऱ्या बायांचा असतो तसा, रानभर ऐकू जाणारा.

"बाबू! अरे, तू कुठी राह्यला?"

आम्ही धावलो. ड्रायव्हर खाली उतरून कपाळाला हात लावून उभा होता. गाडी थांबव नाहीतर मी उडी मारते, असं आत्यानं त्याला म्हटलं होतं म्हणे, त्या गुडघ्यांवर. ताडपत्री वर करून पाहिलं तर आत खरंच तीळ ठेवायला जागा नव्हती. बाया, गाठोडी, तान्हं, कोंबडी.

"जागा नाई बाई," बाबा म्हणाले. "तू जा. मी येतो मागून."

आत्यानं आपलं गाठोडं उचलून शेजारणीच्या मांडीवर दिलं. कोंबडी दुसरीच्या हातात गेली. दोघी उठून तिसरी-चौथीच्या मांडीवर बसल्या. आपले दुखरे गुडघे दोन्ही हातांनी उचलून आत्यानं एका अंगाला केले, आणि पायाशी वीतभर लोखंडी पत्रा मोकळा झाला.

"ये," ती म्हणाली. "काढली तं होते जागा."

तिनं टोमणा मारला नव्हता. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहत होते, तिथं फक्त माया होती. पण बाबा त्या वीतभर जागेकडे बघत कितीतरी वेळ उभेच राहिले. मग ते वाकून चढले आणि तिच्या पायांशी, गुडघे हनुवटीला लावून, लहान मुलासारखे बसले. मला पुढं म्हाताऱ्याच्या आणि गिअरच्या दांड्याच्या मध्ये कोंबलं. ड्रायव्हर म्हणाला, "एकच सवारी," आणि त्यानं गाडी सोडली.

घाटभर मी मागं वळून बघत होते. बाबांच्या डोक्याजवळ हुडाची लोखंडी दांडी होती, प्रत्येक खड्ड्याला ती त्यांना लागली असती. आत्यानं त्यांच्या डोक्यावर आपला तळहात आडवा धरला होता. राजुरा आलं, सपाट डांबरी रस्ता लागला, तरी तिनं तो काढला नाही.