मुक्ताच्या हातातला मणी

चंदगडच्या स्टँडवरून आमची कोल्हापूर एसटी सुटली तो १९९७चा हिवाळा होता. शेजारी माझी चार वर्षांची लेक, मुक्ता. काजूच्या बागा मागे पडत होत्या आणि ती थरथरणाऱ्या काचेवर तळहात टेकवून हसत होती. बोलत मात्र नव्हती. ती कधीच बोलली नव्हती.

मी मराठीचा शिक्षक. माझ्या पोरीला बोलायला दुसरं कोण शिकवणार, या गुर्मीत वर्षभर तिला चित्रं दाखवून शब्द घोकवत होतो. ती गप्प राहिली की चिडायचो. एकदा हात उगारला, तेव्हा माझी बायको सुशीला मध्ये पडली. "पुरे झालं. यातलं कळणाऱ्या माणसाकडं न्या तिला."

गडहिंग्लजजवळ चाक पंक्चर होऊन तास गेला. कोल्हापुरात उतरलो ते भुकेनं कळवळतच. मिसळीच्या गाड्यावर मी मुक्तापुढे बशी सरकवली, तसा गाडेवाला ओरडला, "पावणं, लेकराला असला तिखट कटाचा रस्सा चारताय व्हय? थांबा की!" त्याने तिला नुसती मटकी आणि वर भरपूर दही दिलं.

श्रवणतज्ज्ञ कांबळे मॅडमचा दवाखाना राजारामपुरीत होता. त्यांनी मुक्ताला हेडफोन लावले आणि आवाज आला की डब्यात मणी टाकायचा, हे खुणांनी शिकवलं. मग मॅडम समोरच्या यंत्रावर आवाज वाढवत गेल्या. मुक्ता मणी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. आवाज अगदी मोठा झाला तेव्हा कुठे मणी डब्यात पडला.

"मी हिला हट्टी समजत होतो," मी कसाबसा म्हणालो.

"सर, तुमचं शिकवणं चुकलं न्हाय," मॅडम म्हणाल्या. "ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं."

तिसऱ्या दिवशी तिला श्रवणयंत्र लावलं. खिशात डबी, तिथून कानापर्यंत वायर. संध्याकाळी रंकाळ्यावर एक कुत्रं भुंकलं आणि मुक्ता दचकून माझ्या कुशीत शिरली. तिला थोपटता थोपटता मलाच रडू आलं.

परतलो तेव्हा सुशीला स्टँडवर आली होती. मुक्ता पाठमोरी उभी होती. "मुक्ते!" सुशीलाने हाक मारली. आपलं नाव त्या पोरीला अजून ठाऊक नव्हतं, तरी ती वळली.

बोलायला पुढे दोन वर्षं लागली. आधीचं एक मी घालवलं, ती बोच अजून आहे. दर महिन्याला आम्ही कोल्हापूरला जात राहिलो. मॅडम सांगायच्या, आणि मुक्ताशेजारच्या बुटक्या खुर्चीत गुडघे दुमडून बसलेला मी वहीत उतरवून घ्यायचो.