राजनकाकांची फळी

ग्लास पुसून झाला की राजनकाका तो दिव्यासमोर धरायचे आणि पुन्हा पुसायचे. कुणी मागितल्याशिवाय टीव्ही लावायचे नाहीत. साठीपुढच्या गिऱ्हाइकाला ‘यंग मॅन’ म्हणायचे आणि पंचविशीतल्याला ‘सर’. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ज्याची टीम हरली त्याच्यासमोर न सांगता शेंगदाण्याची वाटी यायची. दुपारी चारला मुलीला फोन. “शुभ्रा, जेवलीस का?” तिकडून रोजचं उत्तर, “बाबा, इट्स फोर ओ’क्लॉक!” आणि उजव्या हातानं बिअर ओतताना डावा हात गिऱ्हाइकापुढे पसरलेला. तळहात वर. तोंडानं काही नाही. तळहातावर गाडीची चावी पडली की मगच ग्लास पुढे सरकायचा.

दुबईच्या ‘बर दुबई’ भागातल्या एका जुन्या हॉटेलच्या तळमजल्यावर ‘ओल्ड रडर’ हा पब आहे. खिडकी नाही. लाकूड काळं पडलेलं. दारापासून बारपर्यंतचा गालिचा पायवाटेसारखा झिजलेला. राजन मिठबावकर तिथे अठ्ठावीस वर्षं होते. कागदोपत्री बार मॅनेजर. खरे मालक दोनदा बदलले, पण येणाऱ्यांच्या लेखी मालक एकच.

बारमागे एक फळी होती. तिला चाळीस खिळे. गाडीनं आलेल्याची चावी तिथे लटकायची ती सकाळपर्यंत. घरी टॅक्सीनं जायचं. ज्याला हे पटत नसे त्याला काका लिंबूसोडा द्यायचे.

सकाळी नऊपासून माणसं चावी न्यायला यायची. इस्त्रीचा शर्ट, ओशाळलेला चेहरा. काका त्यांच्यापुढे आल्याचा चहा ठेवायचे आणि एक उकडलेलं अंडं, वर मिरपूड. संध्याकाळी एकमेकांकडे पाठ करून पिणारे सकाळी शेजारी बसून अंडी सोलायचे. त्या चहावर ओळखी झाल्या, दोघातिघांना नोकऱ्या लागल्या, एक लग्नही ठरलं.

सिद्धांत तिथे पहिल्यांदा गेला तो असाच सकाळी. पुण्याहून मराठीत एम.ए. करून तो दुबईत मालवाहतुकीच्या ऑफिसात ईमेल लिहीत होता. बॉसनं चावी आणायला पिटाळलं होतं. प्रत्येक चावीला बिअरच्या खोक्याचा तुकडा सुतळीनं बांधलेला असायचा, लिहिलेली बाजू भिंतीकडे. चावी देताना काका तो सोडून ठेवत. त्या दिवशी विसरले. सिद्धांतनं वाचलं, नावाच्या जागी : ‘बिल बघून दचकतो.’

तो इतका हसला की चहा नाकात गेला.

“वाचता येतं?” काकांनी दचकून विचारलं.

“मराठीत एम.ए. आहे.”

“मेलो.” मग हळूच, “साहेबांना सांगू नकोस हां. ये अधूनमधून. वाचणारा नव्हता कोणी.”

सिद्धांत जात राहिला. काकांनी त्याला एकेक तुकडा दाखवला. ‘गुडघा डावा.’ ‘बायकोला घाबरतो, चांगलं आहे.’ ‘आई आजारी, विषय काढू नये.’ एवढ्याशा पुठ्ठ्यात माणूस कसा मावतो, याचं त्याला नवल वाटायचं.

फळी कशी आली, हेही काकांनी एकदाच सांगितलं. फार पूर्वी एक इंग्रज शाळामास्तर यायचा. एकदा म्हणाला, इथेच तर जायचंय, दहा मिनिटं. टेबलावर राहिलेली चावी काकांनी स्वतःच्या हातानं त्याला दिली. पुढच्या सिग्नलला पोलिसांनी पकडलं. कुणाला लागलं नाही, काही नाही. पण आधी तुरुंग, मग देशाबाहेर. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटली. त्याची बायको सामान बांधता बांधता पबात आली आणि काकांना थँक्यू म्हणाली, इतकी वर्षं नवऱ्याची काळजी घेतल्याबद्दल.

“शिव्या दिल्या असत्या तर फळी ठोकली नसती,” काका म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात हॉटेलात नवा जनरल मॅनेजर आला. रेयांश गुप्ते, वय एकतीस, पार्ल्याचा. एका पाहुण्यानं तक्रार केली होती : माझी गाडी, माझी चावी, हा बारवाला कोण? रेयांशनं काकांना केबिनमध्ये बोलावलं. तिथे काय झालं ते काकांनी सिद्धांतला जसंच्या तसं करून दाखवलं.

“काका, आय रिस्पेक्ट यू. पण लीगली हा प्रॉब्लेम आहे. गेस्टची प्रॉपर्टी आपण अशी होल्ड नाही करू शकत. रविवारपर्यंत बोर्ड खाली. खलास.”

“मग मलाही उतरवा, सर.”

“ड्रामा नको ना.”

“ड्रामा नाही. राजीनामा लिहून आणलाय. तारीख तेवढी तुम्ही घाला.”

सिद्धांत म्हणाला, “काका, मी सगळ्यांच्या सह्यांचं पत्र तयार करतो.”

“काही नको. चहा पाजून सह्या घ्यायच्या? मी माझं काम करणार. त्यांनी त्यांचं करावं.”

गुरुवारी संध्याकाळी रेयांश स्वतः हेड ऑफिसच्या दोघांना घेऊन पबात आला. तीन बिअर सांगितल्या. काका ओतू लागले. डावा हात पुढे आला.

“राजन,” रेयांश दातांवर दात ठेवून मराठीत म्हणाला, “मी जीएम आहे.”

“सर, जीएमची गाडीपण चाकांवरच चालते.”

हेड ऑफिसवाले बघत होते. आसपासची माणसं ग्लास खाली ठेवून बघत होती. सिद्धांतला वाटलं, संपलं. काकांचा हात तसाच. फेस ग्लासच्या काठावर येऊन खाली बसला, तरी हात तसाच. रेयांशनं खिशातून चावी काढली आणि तळहातावर जवळजवळ आपटली.

सकाळी तो आला तेव्हा काका अंडी उतरवत होते. “हात ओले आहेत. तुम्हीच घ्या, सर, वरच्या रांगेत.” रेयांश बारमागे गेला. चावी काढली. पुठ्ठा उलटला.

‘चिडतो. पण ऐकून घेतो.’

तो बारमागून बाहेर आला. मग स्टुलावर बसला आणि अंडं सोलू लागला.

“हे माझ्याबद्दल?”

“नाव पटकन आठवलं नाही, सर.”

“सगळ्यांचं असंच लिहिता? खरी नावं?”

“माहीत नाहीत.”

“काका, प्लीज!” रेयांशनं कपाळावर हात मारला. “ओके. बोर्ड ठेवायचा ना? मग रजिस्टर पाहिजे. फुल नेम, गाडीचा नंबर, गेस्टची स्वतःची सही. चाळीसच्या चाळीस, मंथ एन्डपर्यंत. नाहीतर हेड ऑफिसला मी काय तोंड दाखवू?”

“होईल,” काका म्हणाले.

वाटलं होतं त्याहून ते अवघड निघालं. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची मुलगी डॉक्टर झाली, सगळं पाठ होतं. पण रोज भेटणाऱ्याला आता नाव कसं विचारायचं? एक जण दुखावलाच. “सेव्हन इयर्स, राजन! सेव्हन!” काकांनी त्याला दुसरं अंडं दिलं आणि सही घेतली. रोज दोन नावं, चहा संपता संपता. सुट्टीच्या दिवशीही टॅक्सी करून यायचे. घरी अनुराधाकाकू चिडायच्या, “छातीत भरून येतं म्हणता आणि कुठे निघालात?” “दोनच नावं,” म्हणून काका निघायचे.

रजिस्टरच्या डोक्यावर इंग्रजी मजकूर हवा होता. सिद्धांतनं सात ओळी लिहून आणल्या. काकांनी चष्मा लावून वाचल्या आणि सातही खोडल्या.

“एवढंच लिही : मी प्यायलोय, म्हणून आज चालवणार नाही.”

“कायदेशीर वाटत नाही, काका.”

“खरं वाटतं ना?”

तेच लिहिलं.

महिना संपायला आठवडा असताना, बुधवारी सकाळी सात वाजता, काकूंचा फोन आला.

“सिद्धांत, काका गेले.”

“कुठे?” त्यानं विचारलं.

मग त्याला कळलं.

कुसैस भागातल्या घरी, पहाटे, रुग्णवाहिका येण्याआधीच. काकूंकडे जाऊन आल्यावर सिद्धांत पबात गेला, कारण फळीवर चाव्या होत्या आणि माणसं येणार होती. दार रेयांशनं उघडलं होतं. तो बारमागे उभा राहून चाव्या देत होता, पुठ्ठे सोडून, लिहिलेली बाजू खाली करून. चहा नव्हता. माणसं चावी हातात घेऊन तशीच उभी राहत होती. कुणाला निघता येत नव्हतं.

“रजिस्टर बघ,” रेयांश म्हणाला. “मला त्यांचं अक्षर बघवत नाही. किती झाली?”

सिद्धांतनं पानं उलटली. पहिल्या रकान्यात काकांचं टोपणनाव, मराठीत. दुसऱ्यात खरं नाव, मग गाडीचा नंबर, मग सही. एकतीस ओळी पुऱ्या होत्या. खालच्या नऊ ओळींत फक्त पहिला रकाना भरलेला.

बत्तिसावी ओळ : ‘दोनदा निरोप घेतो.’

पुढे नाव नव्हतं. नंबर नव्हता. समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं : गुरुवारी विचारायचं.