नदी माघारी येते तेव्हा

मुलीला परत आणायचं, हे घरात ठरलं होतं. कोकणातल्या त्या शाळेत ती मास्तरीण होऊन काही वर्षं झाली होती आणि आता आपल्या जिल्ह्यात बदली मागायचे अर्ज सुटले होते. फोनवर विचारलं की ती "बघू" म्हणायची. तिचं "बघू" म्हणजे "नाही", हे ती बोलायला लागल्यापासून मला माहीत आहे. म्हणून मी सासूबाईंना बरोबर घेतलं. आज्जीचं ती मोडत नाही. शिवाय सासूबाईंचं सगळं आयुष्य आमच्या कोरड्या पाचोड गावात गेलेलं, समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता.

माझा आग्रह उगाच नव्हता. शाळा नदीच्या पलीकडच्या काठावर, अगदी मुखाजवळ. रोज होडीनं जायचं, पावसाळ्यातसुद्धा. इकडं संभाजीनगरात बसून मी मोबाइलवर कोकणातल्या पावसाच्या बातम्या बघायची आणि तिचा फोन येईपर्यंत नको इतकी भाजी चिरून ठेवायची. मला ते पुरे झालं होतं.

तिच्या खोलीवर पोहोचल्याबरोबर मी बादल्या, हंडा, कुकर, हाताला लागेल ते भरून ठेवलं.

"आई, इथं रोज पाणी येतं गं."

"आलं तर आलं. भरलेलं कुठं जातंय?"

आमच्याकडं नळाची वाट आठवडाभर बघावी लागते. तोटी दिसली की माझा हात आपोआप भांड्याकडं जातो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती आम्हाला नदीच्या मुखाशी घेऊन गेली. सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि मी बोलायचं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं. दोन्हीकडं हिरव्या टेकड्या, त्यांच्या पायाशी चिखलात मुळं रोवून उभी असलेली तिवराची झाडं, आणि मधून रुंद, सावकाश नदी. पुढं वाळूचा लांबच लांब दांडा. त्याच्या टोकाला मातकट हिरवं पाणी आणि निळं पाणी एकमेकांना टेकलेलं, मध्ये फेसाची एक वाकडीतिकडी रेघ. दांड्याच्या कडेला बगळे ओळीनं उभे होते. नखाएवढे खेकडे आमची चाहूल लागली की बिळात जायचे आणि आम्ही थांबलो की डोळे वर काढून बघायचे. मी फोटो काढायचं विसरले. माझ्याकडून असं होत नाही.

"एवढं पाणी!" सासूबाई म्हणाल्या. "आन् सगळं समिंदरात? कुणी अडवत नाय व्हय?"

त्यांनी वाकून बोट बुडवलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट हाय की गं. गोडं कुठंय?"

"गोडं लई मागं राहिलं, आज्जी."

"मंग जाऊ द्या. ह्याचं काय करायचंय."

आम्ही दांड्यावर बसलो. नदीतून नारळाची एक करवंटी समुद्राकडं वाहत चालली होती. माझी नजर तिच्यावरच होती. ती हळू झाली, थांबली, जागच्या जागी फिरली आणि आली तशी टेकड्यांकडं निघाली.

"अगं बया! नदी माघारी निघाली," सासूबाई म्हणाल्या.

मी संधी सोडली नाही. "बघ. नदीसुद्धा घरी येते."

"भरती लागली, आई," मुलगी म्हणाली. "ओसरली की परत जाते. मी नाही का दिवाळीला येत, तशी."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी आणलेली माणसं ही अशी.

"चला, उठा आता," मुलगी म्हणाली.

"बस की जरा. कोरडं तर आहे सगळं."

"उठ म्हटलं ना."

हा आवाज वर्गातला होता. आम्ही दोघी मुकाट्यानं उठलो. सुरूच्या बनाशी येऊन मागं बघितलं, तर आम्ही बसलो होतो ती जागा पाण्याखाली गेली होती. बगळे एक-एक करत उडून आमच्या बाजूच्या चिखलात उतरत होते. पाणी मुळांमधून वर चढत होतं, आवाज न करता, आणि उतरत्या उन्हात सगळी नदी तांब्याच्या परातीसारखी दिसत होती.

"पावसात पाणी चढलं की होडी निघतच नाही," ती म्हणाली. "मग मी पण नाही जात. फोनवर किती वेळा सांगते, तुला पटत नाही."

"आता दिसलं," मी म्हणाले.

"तिला कळतंय पाण्यातलं," सासूबाई हळूच मला म्हणाल्या. "आपल्याला काय कळतंय?"

निघायच्या दिवशी सकाळी मी हंडा आणि बादल्या तिच्या दारातल्या जास्वंदीला ओतल्या. पाणी शिळं झालं होतं. तेवढ्यात घरून ह्यांचा फोन आला.

"अर्ज भरला का तिनं?"

"नाही. तिला रेनकोट घ्यायचाय. गुडघ्याच्या खाली येईल असा, चांगल्या शिवणीचा. क्रांती चौकात बघून ठेवा."

पलीकडं ते कागद-पेन शोधायला लागले. मग ते म्हणाले, "रंग कोणता?"

"भडक घ्या," मी म्हणाले. "लांबून दिसला पाहिजे."