भुल्याच्या गळ्यातलं मेडल

तिगावच्या गुणवंताला गाव भुल्या म्हणायचं, आणि त्यात गावाचं फारसं चुकत होतं असं नाही. स्वतःच्या संत्र्याच्या बगीच्यात शिरायचं आणि शेजारच्या बगीच्यातून बाहेर निघायचं, ही त्याची जन्माची खोड. झाडं सारखी, ओळी सारख्या. बिचारा ओळीनं पाणी देत जायचा आणि बांध कधी ओलांडला ते त्याला कळायचंच नाही. शेजारी काही बोलत नसे. आयतं पाणी कोण नाकारतो!

एकदा पांढुर्ण्याच्या बाजारातून घरी यायचं होतं. पांढुर्णा ते तिगाव म्हणजे रेल्वेनं एवढीशी वाट. गुणवंता ऐटीत खिडकीशी बसला, डोळा लागला, जाग आली तर नरखेड. गाडी उलट्या दिशेची होती. घरी यायला निघालेला माणूस मध्य प्रदेशाची हद्द ओलांडून महाराष्ट्रात जाऊन आला. परतल्यावर बायको शोभा एवढंच म्हणाली, "गेलेच होते तं मावशीले भेटून याचं होतं. तिनं साडी ठेवली हाय माह्यासाठी."

शोभा सौंसरची. ती असं हसून बोलायची, पण तिला एक सल होता. लग्नाच्या दिवशी नवरदेव हात धुवायला म्हणून उठला आणि दुसऱ्याच मांडवात जाऊन बसला. तिथल्या बायकांनी त्याला ओवाळूनसुद्धा घेतलं. शोभाच्या भावानं, मोरेश्वरनं, त्याला बखोटीला धरून परत आणलं. त्यानंतर आजतागायत, म्हणजे केस पांढरे झाले, सुना आल्या तरी, गुणवंता सासरी गेला की मोरेश्वर भरल्या पंगतीत विचारणारच, "भाऊजी, हात धुवाले जाता का? थांबा, कोनी सोबत देतो." सगळे हसायचे. शोभाही हसायची. मग परतीच्या बसमध्ये सौंसर ते पांढुर्णा खिडकीबाहेर बघत बसायची, एक शब्द बोलायची नाही. गुणवंताला नरखेड परवडलं, ही खिडकी परवडत नव्हती.

आता तिगावच्या वरच्या डोंगराचं सांगायला पाहिजे. तिथं गुरं चारायला गेलं की माणसाला भूल पडते. ओळखीची वाट अनोळखी होते, फिरफिरून माणूस त्याच मोहाच्या झाडाखाली येतो. असं फिरवणारा जो कोणी असतो त्याचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. नुसतं 'तो' म्हणतात. नाव घेतलं की बोलावल्यासारखा येतो. त्यावर उपाय जुन्या बायकांनी सांगून ठेवलेला आहे. पळायचं नाही. खाली बसायचं, गोट्यांवर गोटे ठेवून उतरंड रचायची, ती त्याला द्यायची आणि घाम सुकेपर्यंत उठायचं नाही. गुणवंताच्या आईनं त्यात आपली भर घातली होती, की वरच्या गोट्याला चुना लावावा, म्हणजे 'त्याला' पावती मिळते. लहानपणी चुना आईच देई, पुढं गुणवंता तंबाखू खाणारा, चुन्याची डबी सदा खिशात. त्यामुळे डोंगरभर पांढऱ्या टिळ्याच्या उतरंडी झाल्या. लहानपणापासून जिथं जिथं तो चुकला, तिथं तिथं एक.

दोन वर्षांमागं नागपूरच्या कॉलेजातली ऋतुजा नावाची मुलगी डोंगरात आली. ती भूगोल शिकवायची. पूर्वी बैलांच्या पाठीवर कापूस लादून वरच्या पठारावर नेत, ती मोडलेली वाट ती शोधत होती. तिला वाट काही दिसेना, पण उतरंडी दिसल्या. बहुतेक पांढरी खूण केलेल्या, एकीनंतर एक. तिनं मोबाइलवर त्यांच्या जागा टिपल्या, तर कागदावर मुंग्यांसारखी ओळ उमटली. पोरगी हरखली. गावात येऊन तिनं विचारलं, हे कोणाचं काम? पारावर कवडू बसला होता. गुणवंताचा बालमित्र, आणि भुल्या हे नाव ठेवणाराही तोच. तो हसत म्हणाला, "हे आमच्या गुणवंताचं. दुसऱ्या कोनाची टाप नाई."

ऋतुजा घरी आली. फोटो दाखवून म्हणाली, "काका, ह्या तुम्ही रचल्या?"

"हाव जी."

"का रचल्या?"

आता काय सांगणार? 'त्याचं' नाव घ्यायचं नाही, तेही दिवाबत्तीच्या वेळी, घरात. गुणवंतानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत बसला. ऋतुजाला वाटलं, किती हा विनय!

"कोणी सांगितलं होतं का करायला?"

"मायनं."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याच्या पायांना हात लावला आणि चहा न पिताच गेली. "का मंत होती वं ते?" गुणवंतानं विचारलं. शोभा म्हणाली, "तुमचे गोटे आवडले तिले." दोघांनाही काही उमगलं नाही, म्हणून दोघांनी तो विषय सोडून दिला.

पण विषयानं त्यांना सोडलं नाही. यंदा फोन आला. नागपूरकडच्या भूगोलवाल्यांची एक सभा आहे. नव्या वाटा, नव्या जागा शोधणाऱ्या माणसाला ती दरवर्षी मेडल देते. आधी कोणी बर्फाच्या खंडावर राहून आलेल्या बाईला दिलं, कोणी नदीच्या उगमापर्यंत पायी गेलेल्याला दिलं. यंदा गुणवंताला. आणि जवळच्या माणसाचा मान जवळच व्हावा म्हणून समारंभ सौंसरला.

"कायसाठी मंते?" गुणवंतानं तिसऱ्यांदा विचारलं.

"वाट शोधल्याबद्दल," सून प्रियंका म्हणाली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"कोनं?"

"तुमीनं, बाबा."

गुणवंता उठून ओसरीत गेला. त्याला वाटलं, सांगून टाकावं. पण आत शोभा फोनवर सौंसरला बोलत होती. "मोरेश्वर, समोरची जागा धरून ठेवजो. हाव, तुह्याच भाऊजीले. वाट शोधाचं मेडल. आता हास." असा आवाज त्यानं तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो गप्प बसला.

कवडू तेवढा गप्प बसला नाही. "भुल्या, मेडल आनाले जाशीन, पन घरी येशीन का?"

समारंभाच्या दिवशी गुणवंताला धुवट धोतर, नवी टोपी. मोरेश्वर पहिल्या रांगेत बायकोपोरांसकट. शोभा त्याच्या शेजारी, पाठ ताठ करून. मंचावर अध्यक्ष म्हणून एक म्हातारे प्रोफेसर होते, त्यांनी गुणवंताच्या गळ्यात निळ्या फितीचं मेडल घातलं. टाळ्या झाल्या. गुणवंतानं मेडल उलटं करून पाहिलं. त्यावर गोल तबकडी आणि एकच काटा होता.

"बंद हाय का जी हे?" त्यानं अध्यक्षांना हळूच विचारलं.

"घड्याळ नाही ते. दिशा दाखवणारं यंत्र आहे. होकायंत्र."

"मले?" गुणवंता म्हणाला.

मग ऋतुजा बोलायला उभी राहिली. तिनं पडद्यावर डोंगराचा नकाशा दाखवला, ठिपक्यांची ओळ दाखवली. एका अडाणी शेतकऱ्यानं आईच्या सांगण्यावरून उभं आयुष्य वाट आखली, असं ती म्हणाली. बायका डोळे पुसू लागल्या. मोरेश्वरचं तोंड उघडं राहिलं होतं. शोभा त्याच्याकडे बघतही नव्हती, इतकी ती सुखात होती. आणि मग ऋतुजा म्हणाली, "पुढच्या महिन्यात आमचे विद्यार्थी काकांच्या ह्या खुणा धरून, खालून वरपर्यंत, स्वतःचे स्वतः चालत जाणार आहेत."

गुणवंता पडद्याजवळ सरकला. शेवटचा, सगळ्यात वरचा ठिपका म्हणजे काळ्या कड्याची उतरंड. कड्याच्या अगदी काठावर. खाली सरळ दरी. एका पावसाळी धुक्यात त्याचा एक पाय हवेत गेला होता, तेव्हा मागं सरकून त्यानं ती रचली होती. तसंच धुकं असलं, तर पोरं ती खूण बघून खुशीत पुढं पाऊल टाकतील.

त्यानं शोभाकडे पाहिलं. ती अजून हसत होती. बोलावं तर ते हसू जाणार. न बोलावं तर कोणाचं तरी पोर जाणार. डोंगरात निदान खाली बसता येतं, इथं सगळे उभं राहा म्हणत होते. माईक तोंडाशी आला होता.

"म्याडम," तो म्हणाला, "पोट्ट्यायले नका पाठवू जी. ते वाट नोहे."

"म्हणजे, काका?"

"तिथी मी चुकलो होतो. जिथी जिथी गोटे हाय, तिथी तिथी मले चकवा लागला होता." नाव गेलं तोंडातून, भर सभेत. तो दचकला, पण थांबला नाही. "वरच्या उतरंडीच्या पुढं पाय टाकला का मानूस दरीत. मी वाट नाई शोधली जी. मले वाट कधी सापडतच नाई. इच्यारा मोरेश्वरले."

पहिला हसला मोरेश्वर. तो हसला म्हणून त्याची पोरं, मग मागच्या रांगा. गुणवंता मेडल काढायला गेला, तर फीत टोपीत अडकली, टोपी कानावर आली, फीत काही निघेना. हसणं आणखी वाढलं.

शोभा उठली. गुणवंतानं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, आता ही बाहेर निघून जाईल.

"मोरेश्वर," ती म्हणाली, आणि तिला माईकची गरज नव्हती, "तुहा नातू हाय नं त्या कॉलेजात?"

मोरेश्वरचं हसू तोंडातच राहिलं.

"तोच जानार होता का त्या कड्याकडे? मंग हास. मोठ्यानं हास."

ती खाली बसली. कोणी हसलं नाही. अध्यक्ष गोंधळून ऋतुजाकडे बघू लागले, ऋतुजा नकाशाकडे. तिचं तोंड लाल झालं होतं. "पण ओळ तर सरळ आहे, सर," ती पुटपुटली. "चुकणारा माणूस असा सरळ ओळीत कसा चुकेल?" गुणवंता परत टोपीशी झटू लागला, तशी अध्यक्षांनी त्याचा हात धरला. "राहू द्या, राहू द्या तूर्तास," ते म्हणाले. तेव्हा मेडल राहिलं, ते तूर्तासच राहिलं. अजून कोणी परत मागितलेलं नाही आणि तुमचंच आहे असंही कोणी म्हटलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये शोभा खिडकीशी बसली. गुणवंता म्हणाला, "तुह्या माहेरी हसं झालं." ती म्हणाली, "माहं नाई झालं." मग त्याच्या गळ्यातली तबकडी उचलून, "पन हे कायचं जी मंग, मेडल?"

"मले का माईत!"

ऋतुजानं हट्ट सोडला नाही. पुढच्या महिन्यात पोरं आली, मात्र एकटी नाही, गुणवंताला पुढं घालून. प्रत्येक उतरंडीपाशी तो सांगायचा, इथून डावीकडे गेलो आणि काट्यात फसलो, इथून वर गेलो आणि वाट संपली. पोरं तिथं लाल पाट्या ठोकायची. असं करत ते वरच्या खोऱ्यात गेले आणि गुणवंता एका उतरंडीपाशी अडला. फिरून फिरून बघू लागला.

"हे माही नोहे."

"काका, तुम्हाला कसं कळणार?" ऋतुजा थकून म्हणाली. "तुम्ही चुकला होतात ना?"

"चुना कोठी हाय?"

चुना नव्हता. वरच्या गोट्याखाली बिडीचं थोटूक दडपलेलं होतं. गुणवंतानं जन्मात बिडी ओढली नव्हती. पुढच्या उतरंडीत हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. त्यापुढच्या एकीला शेवाळ चढलं होतं, ती त्याच्याही आधीची. ऋतुजानं नकाशा पुन्हा उघडला. कापसाच्या बैलांची मोडकी वाट जिथं जिथं तुटत गेली होती, तिथं तिथं कोणी ना कोणी चुकून बसलं होतं, आणि ओळ त्या सगळ्यांची मिळून झाली होती. गुणवंताला ते पुरतं समजलं नाही. त्याच्या डोक्यात एकच भुंगा होता, की मग हे कोण?

संध्याकाळी तो पारावर गेला. सगळे होते. कवडूनं बिडी काढली होती, काडी ओढली तोच गुणवंता म्हणाला, "वरच्या खोऱ्यात उतरंडी हाय. माह्या नोहे. बिडीवाली कोनाची?"

कवडूच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. त्यानं बिडी न पेटवता कानावर ठेवली. "दोनच हाय माह्या," तो हळूच म्हणाला. "एक तं तरुनपनीची हाय."

"अन् बाकीच्या?"

अंधारून आलं, घरोघरी जेवणं वाढली असतील, पण पारावरचा एकही माणूस जागचा हलेना. जो आधी उठेल, त्याचीच उतरंड म्हणून बाकीचे त्याच्याकडे बघणार होते.